पहिली धाव

"नवी मुलगी पहिली धावते. का, ते विचारायचं नाही."

कॉलेजच्या हॉकी संघात आली त्या दिवशी माजी कर्णधार वत्सलाताईंनी शलाकाला हे सांगितलं होतं. आज शलाका कर्णधार होती, उद्या सकाळी फायनल होती, आणि तिने नेमकं तेच विचारलं होतं.

पायऱ्यांवरच्या गप्पा थांबल्या. फायनलच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या माजी कर्णधार मैदानावर जमायच्या, पोहे खायच्या आणि आपापल्या वर्षाचा चषक पुन्हा एकदा जिंकायच्या.

नियम साधा होता. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, की आपली एक मुलगी गोलरेषेवरून सुटते आणि चेंडू मारणारीच्या थेट अंगावर धावते. गोल वाचतो, कारण चेंडू आधी तिला लागतो. बाकीच्या कॉलेजांत जिला जमेल ती धावते. इथे मात्र दरवर्षी सगळ्यात नवी. तिला मुखवटा मिळायचा. तो तोंड वाचवायचा. गुडघा नाही, बरगडी नाही.

त्यांच्यातलीच निर्मला खालच्या पायरीवर एक पाय लांब करून बसली होती. तो पाय आता वाकत नव्हता.

मैदानात या वर्षीची नवी, कस्तुरी, गोलामागच्या फळीवर एकटीच चेंडू मारत होती. ठक्. ठक्. प्रत्येक आवाजाला शलाकाचा हात आपोआप डाव्या बरगडीवर जात होता.

"आम्ही धावलो," वत्सलाताई म्हणाल्या. "तूही धावलीस. मेलीस का?"

सगळ्या हसल्या. निर्मलाही हसली, जरा उशिरा.

शलाका त्यांच्याकडे पाठ करून पिंटो मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडम खुर्चीत बसून गोलाची फाटलेली जाळी सुतळीने शिवत होत्या. या संघाला त्यांनीच घडवलं होतं. हा नियम मात्र त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता. मोडलेलाही कोणी पाहिला नव्हता.

"मॅडम, आपण दरवर्षी का जिंकतो?"

"लोक काय म्हणतात?"

"कोणी म्हणतं खुराक. कोणी म्हणतं मैदान."

"आणि तू?"

"आपल्याला दरवर्षी एक मुलगी मिळते, जिला भीती अजून माहीत नसते."

सुतळी थांबली.

"आणि जिला माहीत असते ती?"

"ती पायऱ्यांवर बसते."

मागे कोणीतरी बशी आपटली...

मॅडमनी खुर्चीखालच्या पिशवीतून मुखवटा काढला आणि दोघींच्या मधे मातीत ठेवला. "उद्या हा कुणाला देऊ?"

गेल्या वर्षी सत्कारात शलाकाने माइकवर सांगितलं होतं, की चेंडूवरून नजर हटवली नाही म्हणूनच तो अडला. टाळ्या पडल्या होत्या. खरं तर तिने चेंडू पाहिलाच नव्हता. काठी वर गेली, पुढे नुसता अंधार झाला, आणि त्या अंधारात आपल्याच आत काहीतरी कडकन मोडल्याचं तिने ऐकलं होतं. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

वत्सलाताई समजावायला लागल्या. उद्याच कशाला चालत आलेलं मोडायचं, कर्णधारच जायबंदी झाली तर संघ कोणी सांभाळायचा, आणि चषक गेला तर सगळ्या शहरात तोंड कुणाला दाखवायचं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून शलाकाला जास्तच भीती वाटली.

"मुकाट्याने कस्तुरीला दे," त्या शेवटी म्हणाल्या.

ठक्. ठक्.

शलाका वाकली. मुखवटा उचलताना त्याचा पट्टा दोनदा तिच्या हातातून सुटला.

"कस्तुरी धावणार नाही," ती म्हणाली. "मी धावणार. आणि पुढच्या वर्षी तुम्ही आलात, तर हे कुठल्याच नव्या मुलीला सांगायचं नाही."

वत्सलाताईंनी बोलायला तोंड उघडलं. त्यांची नजर निर्मलाच्या लांब केलेल्या पायावर गेली. त्यांनी तोंड मिटलं.



मॅडमनी जाळी पुन्हा मांडीवर ओढली. सुईत सुतळी ओवताना मान वर न करता त्या म्हणाल्या,

"या वेळी डोळे उघडे ठेव."