काटे आणि टोले

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी नऊपर्यंत दाट धुके, नंतर कोवळे ऊन. वारा अजिबात नाही.

“पण बुवा, मुळात ते एकच असलं पाहिजे ना?”

केरोबुवा मठाच्या ओसरीवर खाटेवर बसून पायाच्या घोट्याला तेल चोळत होते. “काय एकच?”

“सगळं. जिथं जिथं दोन दिसतात, तिथं खाली एकच असलं पाहिजे.”

“असलं पाहिजे, की आहे?”

वैजयंती ओसरीच्या पायरीवर बसली.

वैजयंती साबणे तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. वय त्रेचाळीस. गेली सात वर्षे ती एका प्रबंधात अडकली होती. वेगवेगळ्या शास्त्रांतली माणसे, एकमेकांना न विचारता, आपापल्या विषयात शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन व्यवस्था का मांडतात, हा तिचा प्रश्न. सहा प्रकरणे तयार होती. सातवे, म्हणजे निष्कर्ष, तिने चार वेळा लिहिले होते आणि चार वेळा फाडले होते.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शेवटची मुदत संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द, आणि सात वर्षे पाण्यात.

खरे तर मार्गदर्शकांचे म्हणणे इतकेच होते, की निष्कर्ष द्या. पण दोन वर्षांपूर्वी एका परिसंवादात दीडशे माणसांसमोर ती म्हणून बसली होती, की या सगळ्या दोन-दोनच्या मुळाशी एकच व्यवस्था आहे आणि ती मी दाखवून देणार आहे. टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसले होते.

केरोबुवा तिच्या वडिलांचे स्नेही. चौतीस वर्षे त्यांनी बाजारपेठेत घड्याळे दुरुस्त केली. बायको गेल्यावर दुकान बंद करून भानोबाच्या टेकडीवरच्या या मठात राहायला आले. ना दीक्षा घेतली, ना भगवी वस्त्रे. तरी लोक बुवा म्हणू लागले, आणि नको म्हणून सांगण्याचा त्यांना कंटाळा आला. वैजयंती अडली की टेकडी चढून यायची. बहुतेक वेळा चिडूनच खाली उतरायची.

“कुठले कुठले दोन सापडले, ते तरी सांग,” बुवा म्हणाले.

“मनाचा अभ्यास करणारे म्हणतात, माणसात दोन मनं चालतात. एक झटकन उत्तर देतं. दुसरं सावकाश, विचार करून.”

“आमच्या चंद्राक्काला पहिलं एकच आहे.”

“ऐकू येतंय मला,” स्वयंपाकघरातून आवाज आला. मठाचा स्वयंपाक चंद्राक्का बघायची.

वैजयंतीला हसू आले नाही. “अर्थशास्त्रात एकाच देशात दोन अर्थव्यवस्था, शेताची आणि कारखान्याची. भाषेत घरची बोली आणि कागदावरची भाषा. कायद्यात गावकीची रीत आणि कोर्टाचं कलम. काही देशांत मुलं आठवड्यातले काही दिवस शाळेत शिकतात, काही दिवस कारखान्यात. आणि बाईचं राबणं समजून घ्यायचं, तर घरातल्या पुरुषाची सत्ता वेगळी मांडावी लागते आणि मालकाची वेगळी.”

“सहा झाले.”

“सहाच प्रकरणं आहेत. सातव्यात या सगळ्यांच्या खालचं एक.”

“सापडलं?”



एवढ्यात ओसरीवरच्या भिंतीवरचे घड्याळ वाजू लागले. वैजयंतीने सवयीने टोले मोजले. आठ. वर पाहिले तर काटे अकरावर.

“बुवा, तुमचं घड्याळ खोटं बोलतंय.”

“कोणतं?”

“हेच. दुसरं कुठं आहे इथं?”

“म्हणून विचारलं, कोणतं. काट्यांचं, की टोल्यांचं?”

चंद्राक्का हात पुसत दारात आली. “त्यांच्या नादी लागू नका, बाई. मागल्या आठवड्यात बुवा तापानं पडले होते, किल्ली मी दिली. उजव्या भोकात दिली. डाव्यातही द्यायची असते, मला काय ठाऊक? काटे चालत राहिले, टोले गप्प. बुवांनी उठून डावीकडे किल्ली दिली तोवर तीन तास बिनटोल्यांचे गेले. तेव्हापासून टोले तीननं मागं. आम्ही तीन मिळवतो.”

“मिळवता?”

“आठ पडले की अकरा. म्हणजे भात लावायचा.” आणि ती भात लावायला आत गेली.

वैजयंतीला राहवले नाही. “इतकी वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत, आणि स्वतःचं असं?”

“यात मोडलंय काय? काटे बरोबर चालतात. टोलेही बरोबर. आता आठ पडले, यानंतर नऊ पडतील. एकही चुकायचा नाही.”

“पण एकमेकांशी जुळत नाहीत.”

“हां. ते नाही जुळत.”

“मग घट्ट बांधून टाका ना. पुन्हा फारकत व्हायलाच नको.”

बुवांनी तिच्याकडे पाहिले... मग उशाखालचा पत्र्याचा डबा काढला. त्यातून वीतभर पितळी तार काढून तिच्या हातात ठेवली.

“बांध.”

“मी?”

“तुला ठाऊक आहे ना, खाली एकच आहे म्हणून? मग बांध.”

वैजयंती हट्टाला पेटली. स्टूल ओढून वर चढली आणि घड्याळाचे दार उघडले. हे घड्याळ बुवांच्या दुकानातले. शिकाऊ मुलांना दिसावे म्हणून त्यांनी डायलचा मधला भाग कापून काढला होता, नुसते आकड्यांचे कडे ठेवले होते. त्यातून आतले सगळे दिसत होते. उजवीकडे एक स्प्रिंग आणि तिची चाके, ती काट्यांची. डावीकडे दुसरी स्प्रिंग, दुसरी चाके, ती टोल्यांची. मिनिटकाट्याच्या दांड्यावर एक बारीक पिन होती. तिच्या शेजारी टोल्यांच्या बाजूची पातळ तरफ येऊन थांबली होती.

“ही पिन आणि ही तरफ?”

“तुला जे जोडायचंय ते जोड.”

तिने तारेचे चार वेढे दिले. पीळ घट्ट केला, हलवून पाहिला. मग खाली उतरून हात झटकले.

“झालं.”

बुवा पुन्हा घोट्याला तेल चोळू लागले.

लंबक हलत होता. एक मिनिट गेले, दुसरे गेले. मग त्याचा झोका आखूड झाला. आणखी आखूड झाला...

थांबला.

ओसरीवर एकदम काहीतरी कमी झाल्यासारखे वाटले. टिकटिक चालू होती, हे ती बंद पडल्यावरच वैजयंतीच्या लक्षात आले.

“काय केलंस?” बुवांनी विचारले.

“जोडलं.”

“मग?”

“...बंद पडलं.”

“किती बंद पडली?”

तिने घड्याळाकडे पाहिले. “दोन्ही.”

“सोड आता.”

ती पुन्हा स्टुलावर चढली. पीळ उलगडताना तारेचे टोक बोटात घुसले. तिने बोट तोंडात धरले आणि दुसऱ्या हाताने तार काढून टाकली. बुवांनी खिशातले घड्याळ पाहून वेळ सांगितली, अकरा बावीस. तिने मिनिटकाटा पुढे आणला, लंबकाला बोट लावले. टिकटिक सुरू झाली.

“आता पिनेकडे बघ,” बुवा खाटेवरूनच म्हणाले. “तासाला एकदा ती वर येते आणि तरफ उचलते. तरफ उचलली की टोल्यांची चाकं सुटतात. किती टोले द्यायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग दोघं आपापल्या वाटेनं.”

“एवढाच संबंध?”

“एवढाच.”

“तासातून एकदा?”

“तेही उचलण्यापुरता.”

वैजयंती स्टुलावर उभी होती तशीच राहिली. बोटावरचा रक्ताचा थेंब तिने पदराला पुसला.

“तुझ्या सहा प्रकरणांत असं कुठं आहे का गं?” बुवांनी विचारले.

“काय?”

“पिन.”

तिने पुन्हा तरफेकडे पाहिले.

“झटकन उत्तर देणाऱ्या मनाला काहीतरी खटकतं,” ती हळूहळू म्हणाली. “त्या खटक्यानं दुसरं मन जागं होतं. बाकी वेळ ते झोपलेलंच.”

“आणि शेताचं, कारखान्याचं?”

“पहाटेची एसटी. गावातून माणूस भरून नेते, तेवढीच.”

“घरची बोली, कागदाची भाषा?”

“तहसीलच्या दारात बसून अर्ज लिहून देणारा. बाई तिच्या बोलीत रडते, तो त्याच्या भाषेत लिहितो.”

“हे लिहिलंयस?”

“हो.”

“कुठं?”

“...तळटिपांत.”

“किती आहेत अशा?”

“एकेचाळीस.” हा आकडा तिला पाठ होता, कारण परीक्षकांना त्या फार वाटतील म्हणून तिने त्या दोनदा मोजल्या होत्या.

“खाली का टाकल्यास?”

“मध्ये येत होत्या,” वैजयंती म्हणाली. “त्या वर ठेवल्या की दोनाचं एक होईना.”

बोलता बोलता तिला स्वतःचेच बोलणे ऐकू आले. ती स्टुलावरच मटकन बसली आणि हसू लागली. आधी थोडे, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मानेमागची शीर, जी दोन वर्षे ताठ होती, ती कधी सैल पडली ते तिला कळले नाही.

बुवांनी तिचे हसणे संपू दिले.

“परिसंवादात मी म्हटलं होतं, एकच आहे म्हणून,” ती म्हणाली. “दीडशे माणसं होती.”

“त्यांतली किती आठवण ठेवून बसली असतील?”

“...एक,” वैजयंती म्हणाली. “मी.”

“मग तिला सांग. ऊठ, टोले जुळव. तरफ बोटानं उचल आणि सोड.”

तिने तरफ उचलली. नऊ टोले पडले. पुन्हा उचलली. दहा. पुन्हा. अकरा.

आतून चंद्राक्काचा आवाज आला. “बुवा, काय चाललंय? पाच मिनिटांत दुपारचे दोन वाजले की.”

“जेवायला वाढ,” बुवा म्हणाले.

वैजयंतीने दार लावले. “आता पुन्हा नाही ना बिघडणार?”

“बिघडणार तर. दर शनिवारी बघायचं.”

जेवून ती सव्वाबाराला टेकडी उतरली. दोनची एसटी मिळाली. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर तिने एकेचाळीस तळटिपा खालून वर आणल्या. सातवे प्रकरण अकरा पानांचे झाले. ‘मुळाशी एकच’ हे शब्द त्यात कुठे आले नाहीत.

सोमवारी, १९ जानेवारीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रबंध दाखल झाला. पाने तीनशे बारा.

पुढच्या शनिवारी, २४ तारखेला, सकाळी ती पुन्हा टेकडीवर गेली. आकाश निरभ्र, थंडी कमी. बुवा ओसरीवर उन्हात बसले होते.

“बुवा, दिला प्रबंध. वेळेत पोचला.”

बुवांनी किल्ली तिच्या हातात दिली. तिने उजवीकडे चौदा फेरे दिले, डावीकडे चौदा. दार लावते न लावते तोच घड्याळ वाजू लागले. तिने टोले मोजले आणि काटे पाहिले. दोन्हीकडे आठ.

स्वयंपाकघरात तांदूळ धुतल्याचा आवाज आला. मग भांडे चुलीवर ठेवल्याचा.

वैजयंतीने आत पाहिले, मग बुवांकडे.

“आता जा,” बुवा म्हणाले, “आणि चंद्राक्काला सांग. ती अजून तीन मिळवते.”