राजाची केरसुणी

एकदा काय झालं... शार्दूल, आधी पाय पांघरुणात घे. तर एक होता राजा. मनानं चांगला, पण उतावळा. अगदी तुमच्यासारखा.

त्याच्या राणीला दिवस गेले. डोहाळे कसले, तर तिनं स्वतः लावलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगांचे. दुसरं काही पोटात ठरेना. आणि नेमका वेलावर पडला मावा. मावा म्हणजे पिटुकले हिरवे किडे, रस शोषून घेतात मेले. वेल सुकायला लागला, राणीही वाळायला लागली.

मग तिथं आली एक ढालकिडी. मसुराएवढी, लाल पाठ नि काळे ठिपके, तीच ती. म्हणाली, "राजा, माझी पोरं सगळा मावा खातील. फक्त त्यांना हात लावू नकोस." राजा खूश. त्यानं तिच्या पोरांच्या बारशासाठी लगेच काळ्या ठिपक्यांची लाल झबली शिवायला टाकली.

मग पानाखाली पिवळी अंडी दिसली. "वेलाला पुरळ आलं," म्हणत राजा पान पुसायला निघाला. ढालकिडीनं अडवलं, म्हणून थांबला.

मग अंडी फुटली नि पोरं निघाली. काळी, लांबुळकी, अंगभर काटे. झबलं घालायचं कुणाला? "ही कार्टी तुझी नव्हेत," राजा ढालकिडीला म्हणाला, आणि केरसुणीनं दिली झाडून. आता काय म्हणावं या माणसाला! अरे, मेली नाहीत रे, गवतात पडली. पण तेवढ्यात मावा दुप्पट झाला आणि राणीनं अंथरूण धरलं. मग डोळे उघडले राजाचे. गुडघ्यांवर बसून एकेक पोर वेचलं, वेलावर ठेवलं. पोरांनी मावा फस्त केला. शेंगा धरल्या. राणी पोटभर जेवली.

मग पोरं पानाला चिकटली, हलेचनात. "आता मात्र मेली," राजा म्हणाला. याला धीर म्हणून नाहीच. पोरांच्या अंगावर धरलेलं कवच फुटलं, बरं का, नि बाहेर आले पिवळे, मऊ किडे. ठिपका एकही नाही. या खेपेला राजा गप्प बसला. दृष्ट लागू नये म्हणून त्यानं प्रत्येकाच्या पाठीवर काजळाची तीट लावली. हळूहळू पाठी लाल झाल्या. तीट तेवढी राहिली.

मग राणी बाळंत झाली. दाईनं बाळ राजाच्या हातात दिलं. सुरकुतलेलं, लांबुळक्या डोक्याचं, कानांवर लव. राजानं तोंड उघडलं. राणीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं आणि काजळाची डबी मागितली.

मग सगळी सुखानं नांदली. आणि हसताय काय? जन्मलात तेव्हा तुम्ही तरी कुठं देखणे होतात? मीच तीट लावली होती. मिटा डोळे.