काशाणची निळाई

सज्जनहो, मांजरेकाठच्या वडजाई गावी केवलनाथ महाराज आपल्या गुरूंच्या समाधीपाशी राहत असत, तेव्हाची ही हकिकत.

त्याच गावी बहराम नावाचा म्हातारा कारागीर होता. तरुणपणी तो इराणातल्या काशाण शहरातून बिदरला आला. महालांच्या भिंतींना बसवायच्या चकाकत्या निळ्या फरश्या घडवण्यात त्याचे आयुष्य गेले. पुढे पटकीने बायको-मुले नेली, तेव्हा महाराजांनी आणि त्यांच्या गुरूंनीच त्याला वडजाईत जवळ केले. आता हात कापू लागले होते. शेवटचे काम गुरूंच्या समाधीला वाहावे, एवढीच त्याची आस. वेलबुट्टी रेखून, झिलई चढवून त्याने फरश्या भट्टीत रचल्या.

गावच्या नारोपंत देशपांड्यांना हे खपेना. "परमुलखातल्या, परधर्माच्या हातची माती समाधीला? म्हाताऱ्या, पायरी ओळखून राहा!" नुसते हिणवूनही त्यांचे पोट भरले नाही. भर दुपारी, भट्टी ऐन धगीत असताना, त्यांनी गड्यांकरवी तिच्यात घागरीच्या घागरी ओतल्या! काय हा दुष्टावा! आणि सारा गाव नुसता बघत उभा!

भट्टी फुसफुसून विझली. आत फरश्या तडकल्याचे आवाज आले. बहराम राखेतच बसला आणि समाधीकडे तोंड करून कळवळला. "महाराज, पुन्हा नाही व्हायचं माझ्यानं!"

महाराज धावत आले. त्यांना असे संतापलेले कोणी कधी पाहिले नव्हते. "नारोपंत! माती बाटते म्हणता? तुमचा-आमचा देह जिच्यात जायचा, ती कोणत्या धर्माची? माझे गुरू याच्या हातची भाकरी खात. ते बाटले काय?"

"मग भाजा की ओल्या राखेत!" पंत हसले. "आम्हीही बघतो."

महाराजांनी दोन्ही तळहात भट्टीच्या ओल्या भिंतीवर टेकले आणि डोळे मिटले. भिंतीतून वाफ निघाली. हळूहळू विटा लाल झाल्या. "हात काढा, महाराज!" बहराम ओरडला. हात हलले नाहीत.

भट्टी निवल्यावर, सकाळी महाराज म्हणाले, "बहराम, उघड."

एकाही फरशीला चीर नव्हती! डोहासारखी गहिरी निळाई, वर सोन्याची झाक!

महाराजांचे तळहात मात्र फोडांनी भरले होते. ते दिसताच पंतांचा चेहरा पांढरा पडला. ते पाया पडायला वाकले, तसे महाराज मागे सरले. आवाजातली धग अजून गेली नव्हती. "माझ्या नव्हे. ज्याच्या हातांचा विटाळ मानलात, त्याच्या!"

पंतांनी पागोटे उतरवले आणि साऱ्या गावादेखत बहरामच्या राखेने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.