राखणीची घोंगडी

एकदा एक तरुण पंडित एका वृद्ध धनगराकडे ज्ञान मागायला आला. पाठशाळेत त्याची बारा वर्षं गेली होती; तर्क आणि न्याय त्याला मुखोद्गत होते. निरोप देताना त्याचे गुरू म्हणाले होते, "आता वर्षभर त्या माळावरच्या म्हाताऱ्याकडे राहा." तिथे काय शिकायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. गुरूंना ही खोड असतेच.

म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी काही उपदेश केला नाही. एक काळी घोंगडी शिष्याच्या खांद्यावर टाकली आणि तो म्हणाला, "थंडीवाऱ्याला व्हईल. जपून वापर." सात-आठ महिने झाले तरी शिकवणी काही पुढे सरकेना. तळावरची माणसं त्या तरुणाला प्रेमाने आणि थोडं चेष्टेने 'शास्त्रीबुवा' म्हणत. शास्त्रीबुवा मेंढरांमागे हिंडत, ताक पीत, आणि आपण इथे नक्की कशाला आलो याचा विचार करत.

तळावर तीन कुत्री होती. काजळी सगळ्यांत जुनी, कोळशासारखी काळी, एक कान लांडग्याने फाडलेला. हरण्या आणि भुंड्या ही तिचीच पिल्लं, आता तिच्याहून थोराड झालेली. या कुत्र्यांची एक रीत शिष्याला पहिल्यापासून नवलाची वाटे. मेंढक्याला पाण्याला किंवा लाकडांना जायचं असलं की तो आपली घोंगडी जमिनीवर अंथरायचा, कुत्र्याला जवळ बोलवायचा आणि म्हणायचा, "राखणीला बस." मग ते कुत्रं तिथून हलत नसे. कुणी भाकरी टाकली तरी तिच्याकडे बघत नसे, पाऊस आला तरी उठत नसे. मालकाने परत यायचं, स्वतःच्या हाताने घोंगडी उचलायची आणि "सुटलास" म्हणायचं, तेव्हाच त्याची सुटका. काजळीला तर सांगावंही लागत नसे. आपल्या माणसाची घोंगडी खाली पडलेली दिसली की ती मुकाट्याने जाऊन शेजारी बसे.

त्या वर्षी दुष्काळ पडला, आणि त्याच्या आधीच्या वर्षीही पडलाच होता. तळावरचे तरणे गडी सगळी मेंढरं घेऊन महिनाभर आधीच पश्चिमेकडच्या मोठ्या नदीकडे निघून गेले. मागे राहिली ती म्हातारी माणसं, बाया आणि पोरं. जवळची शेवटची विहीर आटली तेव्हा त्यांनीही तळ हलवला. नदी चार दिवसांच्या वाटेवर होती आणि मधल्या माळावर थेंबभर पाणी नव्हतं. म्हणून पाण्याच्या दोन कातडी पखाली भरून दोन घोड्यांवर घातल्या. पाणी वाटायचं काम म्हाताऱ्याने शिष्याकडे दिलं. एक पितळी वाटी त्याच्या हातात ठेवून तो म्हणाला, "तुझा हिशेब चोख असतो."

दुसऱ्या दिवशी एका अरुंद खिंडीतून जाताना एक पखाल कपारीला घासली आणि फाटली. बायांनी ओंजळी धरल्या, पदर भिजवून घेतले, पण माणसं धावेपर्यंत निम्म्याहून जास्त पाणी जमिनीने पिऊन टाकलं होतं. नदी अजून अडीच दिवस दूर होती. शिष्याने उरलेलं पाणी पाहिलं, माणसं पाहिली, घोडी पाहिली, आणि हिशेब मांडला. मोठ्यांना दिवसाला दोन वाट्या आणि पोरांना तीन, एवढंच जमणार होतं. कुत्र्यांना त्यात जागा नव्हती. पहिल्या दिवशी तीन कुत्री मिळून दोन पोरांचं पाणी प्यायली होती, आणि ते त्याने स्वतःच वाटलं होतं.

संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर तसं सांगितलं. तळावरची कर्ती बाई म्हणजे मायाक्का. तिची पाच वर्षांची नात आधीच तापाने मलूल झाली होती. मायाक्का बराच वेळ नातीच्या कपाळावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "काजळीला माझ्या हातानं वाढवलीया. पण धाकलीच्या तोंडचं पाणी काढून कुत्र्याला कसं घालू? शास्त्रीबुवा, तुम्ही म्हंता ते खरं हाय. हाकला त्यास्नी. पण मी धोंडा मारायची न्हाई."

शिष्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा तंबाखू मळत होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे शिष्य कुत्र्यांना घेऊन तळापासून बाजूला गेला. त्याने खडे मारले. कुत्री थोडी मागे सरली आणि पुन्हा आली. त्याने मोठा दगड मारला; तो भुंड्याच्या बरगडीला लागला. भुंड्या केकाटला, आणि दोन पावलं लांब जाऊन आपली भुंडी शेपटी हलवत उभा राहिला. शिष्याला स्वतःचीच घृणा आली. माणसं निघायच्या तयारीत होती, ऊन चढायच्या आत अंतर काटायचं होतं. तेव्हा त्याच्या तरबेज बुद्धीला एक युक्ती सुचली. दगड नको, केकाटणं नको. त्याने खांद्यावरची घोंगडी काढून खडकावर अंथरली, तिन्ही कुत्र्यांना जवळ बोलावलं आणि म्हटलं, "राखणीला बसा."

तिन्ही कुत्री बसली. शिष्य निघाला. एकदाही मागून पावलं ऐकू आली नाहीत. किती सोपं काम होतं, असं त्याला वाटलं. आणि असं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

दोन कोस चालून झाल्यावर माणसं एका मोठ्या बाभळीखाली उन्हाची थांबली. ऊन उतरेपर्यंत तिथेच पडून राहायचं होतं. शिष्य पाणी वाटत वाटत म्हाताऱ्यापाशी आला. म्हाताऱ्याने वाटी घेतली, पण ओठाला लावली नाही. तो शिष्याच्या उघड्या खांद्याकडे बघत होता.

"घोंगडी कुठं हाय?"

शिष्य खोटं बोलणारा नव्हता. त्याने जे केलं ते सांगितलं. मायाक्काने पदर तोंडाला लावला आणि तोंड फिरवलं. म्हाताऱ्याने वाटीतलं पाणी जपून आपल्या भोपळ्याच्या तुंब्यात ओतलं, तो कमरेला बांधला, काठी घेतली आणि आल्या वाटेने मागे चालू लागला.

शिष्य धावत त्याच्या मागे गेला. "बाबा, अहो, या उन्हात कुठं निघालात? कुत्र्यांना आणायला?"

"कुत्र्यास्नी आणाया न्हाई. घोंगडी आणाया."

"दोन कोस जायचं, दोन कोस यायचं! एका घोंगडीसाठी? तुम्हाला झेपणार नाही. वाटेत काही झालं तर?"

"तर तू हाईसच की संगं," म्हातारा म्हणाला आणि चालत राहिला.

म्हाताऱ्याचा श्वास फुलत होता, प्रत्येक चढावर तो काठीवर रेलून उभा राहत होता. शिष्याने वाटभर युक्तिवाद केला. पाणी खरोखरच कमी होतं, पोरांचा जीव मोठा होता, निर्णय सगळ्यांच्या साक्षीने झाला होता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हातारा दर वेळी मान डोलवून "व्हय, खरं हाय" म्हणत होता. वादात समोरचा कबूल होतो आणि तरीही आपण हरतो आहोत असं वाटतं, असा अनुभव शिष्याला पाठशाळेत कधी आला नव्हता.

भर दुपारी ते त्या खडकापाशी पोचले. तिन्ही कुत्री तिथेच होती. दहा पावलांवर एका शिळेची सावली पडली होती, पण एकही कुत्रं सावलीला गेलं नव्हतं. खडक तापून तव्यासारखा झाला होता. हरण्या आणि भुंड्या जिभा बाहेर काढून धापा टाकत होते. काजळी उभी होती, कारण तिला आता खाली बसवत नव्हतं. ती एकेक पाय आळीपाळीने उचलत होती आणि तिची नजर शिष्य ज्या वाटेने गेला होता त्या वाटेवर होती. शिष्य दिसताच तिची शेपटी हलली. घोंगडी सोडून ती पुढे मात्र आली नाही.

शिष्य होता तिथेच खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते त्याने पुसलं नाही.

म्हातारा त्याच्या शेजारी टेकला. श्वास जागेवर आल्यावर तो बोलू लागला. "लेका, त्यांना पाणी द्यायचं न्हाई म्हणालास, त्यात मी तुला दोष देत न्हाई. पोर वाचवायचं का कुत्रं, ह्ये मला कुणी इचारलं तर मीबी पोरच म्हणीन. म्हणून मी गप ऱ्हायलो. तू धोंडे मारून त्यांना हाकललं असतंस तर ती तुझ्यावर चिडली असती. इकडंतिकडं पांगली असती, ससा धरला असता, कुठल्या तरी गावाच्या वासानं गेली असती. जगली असती नाहीतर मेली असती, पण आपल्या पायानं. तू तसं केलं न्हाईस. त्यांचा जो गुण, त्याचंच तू दावं केलंस आणि त्याला त्यांना बांधून टाकलंस. तहानेनं मरणं कुणाच्याबी नशिबाला येईल. तू परत येशील म्हणून वाट बघत मरणं तू त्यांच्या कपाळी लिहिलंस. ह्ये लिहायचा हक्क तुला कुठल्या दुष्काळानं दिला?"

शिष्याने विचारलं, "आता काय करू?"

"घोंगडी उचल. आणि त्यास्नी खरं काय ते सांग."

शिष्य उठला. त्याने घोंगडी उचलली, झटकली आणि खांद्यावर घेतली. "सुटलात," तो म्हणाला. एकेकाकडे बघत त्याने पुन्हा म्हटलं, "सुटलात रे." मग मोकळे हात त्यांच्यासमोर धरून तो म्हणाला, "माझ्याकडे तुमच्यासाठी पाणी नाही. जा." आणि एक खडा उचलून त्याने त्यांच्या पुढ्यात, लागणार नाही असा, टाकला.

आता वाचकांना वाटत असेल की कुत्र्यांनी जमीन हुंगली आणि झरा शोधून दिला. तसं काही झालं नाही. हरण्या थोडा वेळ उभा राहिला, वारा हुंगला आणि उत्तरेच्या उताराने निघून गेला. तो पुढच्या वर्षी एका तेल्याच्या दारात चांगला गलेलठ्ठ होऊन बसलेला सापडला आणि त्याने शिष्याला ओळखही दिली नाही. काजळी आणि भुंड्या मात्र शिळेच्या सावलीत घटकाभर विसावली आणि मग दोघांच्या मागे, वीस हात अंतर ठेवून, चालू लागली.

"बाबा, ही येतायत," शिष्य घाबरून म्हणाला.

"येऊ देत. आता ती त्यांच्या मनानं येतायत. कुठवर यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे."

बाभळीखाली पोचेपर्यंत ऊन कललं होतं. शिष्याने संध्याकाळचं पाणी वाटलं. पोरांच्या वाट्या त्याने काठोकाठ भरल्या, धाकलीची तर सगळ्यांत आधी. मग आपली वाटी घेऊन तो बाजूला गेला, अर्धं पाणी प्यायला आणि अर्धं खडकाच्या एका खळग्यात ओतलं. थोड्या वेळाने मायाक्का आली आणि तिने आपल्या वाटीतलं घोटभर त्यात टाकलं. मग म्हातारा आला. सकाळपासून कमरेला बांधलेला तुंबा त्याने तिथे अर्धा रिकामा केला आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी कुणाकडे पाहिलंही नाही.

पुढची वाट कठीण गेली, पण सरली. धाकलीचा ताप उतरला नाही, तरी वाढलाही नाही. चौथ्या दिवशी दुपारी एक टेकाड ओलांडलं आणि खाली नदी दिसली. माणसं ओरडली, रडली आणि धावत सुटली. मायाक्का नातीला कडेवर घेऊन धावली. म्हातारासुद्धा काठी टाकून पळाला. भुंड्या सगळ्यांच्या आधी पाण्यात पोचला. शिष्यही धावला, गुडघाभर पाण्यात शिरला, वाकला, आणि ओंजळ भरून तोंडाशी नेली.

तेवढ्यात त्याला काही तरी आठवलं आणि त्याने मागे वळून पाहिलं. धावताना त्याच्या खांद्यावरची घोंगडी वाळूत गळून पडली होती. तिच्याशेजारी काजळी बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी तिच्यापासून पंधरा पावलांवर होतं आणि तिची जीभ बाहेर लोंबत होती.

शिष्याने ओंजळ सोडून दिली. तो पाण्यातून बाहेर आला, वाळूत गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी घोंगडी उचलून घेतली.

"सुटलीस, काजळे," तो म्हणाला. मग तो तिच्याबरोबर चालत नदीपाशी गेला आणि ती पाण्याला तोंड लावेपर्यंत थांबला.

लांबून म्हातारा हे पाहत होता. त्या रात्री त्याने शिष्याला सांगितलं की त्याची शिकवणी पुरी झाली आहे, तो केव्हाही घरी जाऊ शकतो. शिष्य वर्ष संपेपर्यंत राहिला.

संकटात सगळ्यांना बरोबर नेणं प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं. पण ज्याला मागे सोडायचं, त्याच्यासमोर अंथरलेली घोंगडी आधी उचलून घेणं नेहमीच आपल्या हातात असतं.