झाकलेला प्याला

एकदा एका डोंगरी गावात एक वृद्ध पाळक राहत होते. ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूला तिकडे पाळक म्हणतात. त्यांच्या हाताखाली शिकायला शहरातून एक तरुण शिष्य आला.

त्या गावात अकरा वर्षांपूर्वी मोठा संहार झाला होता. वरच्या आळीतले लोक खालच्या आळीवर चालून गेले. निमित्त झऱ्याच्या पाण्याचे होते. राग मात्र फार जुना होता. एका दुपारी एकतीस माणसे मारली गेली. दोन्ही आळ्या एकाच मंडळीच्या. मारणारे आणि मेलेले वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसून गीते गात आले होते. पुढे खटला चालला, पण साक्ष द्यायला कुणीच उभे राहिले नाही आणि सगळे सुटून घरी आले.

वृद्ध पाळकांविषयी शिष्याने पुष्कळ चांगले ऐकले होते. संहारानंतर खालच्या आळीतल्या बायकामुलांना त्यांनी पाच महिने चर्चमध्ये ठेवून घेतले, स्वतः चुलीपुढे बसून त्यांच्यासाठी भाकरी भाजल्या, गावोगाव फिरून घरांच्या छपरांसाठी पत्रे जमवले. त्यामुळे शिष्य मोठ्या आदराने आला होता. पण महिन्याच्या पहिल्याच रविवारी तो चक्रावून गेला.

पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजनाचा. साऱ्या मंडळीने एका भाकरीतून खायचे, एका प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा, अशी तिथली रीत. वृद्ध पाळकांनी मेजावर स्वच्छ कापड अंथरले, भाकरी ठेवली, प्याला ठेवला. मग प्याल्यावर पांढरा रुमाल झाकला, क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "सुखाने घरी जा." लोक मुकाट्याने उठून गेले. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यातही तेच.

"साहेब, हे किती दिवस चाललंय?" शिष्याने विचारले.

"अकरा वर्षं."

"आणि लोक काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. शहरातल्या वरिष्ठ मंडळाकडे माझ्या तक्रारी जातात. तुला इथं पाठवलं ते काय उगीच?" पाळक हसले आणि रुमालाची घडी घालू लागले.

शिष्याने आपल्या परीने विचार केला. दोन आळ्यांना एकमेकांचा उष्टा प्याला नको असणार, अडचण एवढीच असावी. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये प्रत्येकाला वेगळा लहान पेला देतात, हे त्याने पाहिले होते. पुढच्या महिन्यात पाळक तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा तो शहरात जाऊन खाचांचे एक तबक घेऊन आला. त्यात अंगठ्याएवढे चाळीस पेले होते.

त्या रविवारी अकरा वर्षांनी प्रभुभोजन झाले. लोकांचे डोळे भरून आले. वरच्या आळीतला शलमोन पेला घेऊन जागेवर गेला आणि बराच वेळ मान खाली घालून बसला. बाहेर पडताना त्याने शिष्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"धाकटे साहेब, मोकळं केलंत बघा. छातीवर धोंडा होता. म्हाताऱ्यानं नुसतं झुलवत ठेवलं होतं आम्हाला."

शिष्याला धन्य वाटले. तबक आवरायला तो आत आला, तर तबीथाबाई अजून बाकावरच बसल्या होत्या. खालच्या आळीतल्या या विधवा. त्यांचा नवरा अहरोन त्या दुपारी नाहीसा झाला. बाकीच्या तीस जणांची प्रेते मिळाली, त्याचे मिळाले नाही. त्यांच्या हातातला पेला तसाच भरलेला होता.

"शलमोननं घेतला का, साहेब?" त्यांनी विचारले.

"घेतला, मावशी. रडत होते ते."

त्यांनी पेला तबकाच्या खाचेत नीट ठेवला. "मग आता तो मला कधीच सांगायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून निघून गेल्या.

शिष्य तसाच पाळकांच्या खाटेपाशी गेला आणि घडले ते सगळे त्याने सांगितले. पाळक रागावले नाहीत. उशी टेकून उठून बसले.

"बाळा, तो संहार मंगळवारी झाला. त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. खालच्या आळीतलं कुणी आलं नाही, कोण येणार? वरची आळी मात्र हातपाय धुऊन, धुतले कपडे घालून आली. मी घाबरलो होतो. नाही म्हणायची छाती झाली नाही. प्याला दिला. 'देवानं जवळ केलं' असं समजून ते हलके होऊन घरी गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खालच्या आळीतली उरलेली सहा घरं जाळली. त्या दिवसापासून मी प्याला झाकतो. का झाकतो, ते मंडळीपुढे उभं राहून सांगितलंय मी. माझं पाप कुणापासून लपलेलं नाही."

"पण साहेब, भाकरी तर तुम्ही सगळ्यांना दिलीत, पत्रे दिलेत."

"भुकेल्याला भाकरी द्यायला कुणाला विचारावं लागत नाही. क्षमेचं तसं नाही. जिचं माणूस गेलं तिला वगळून ती मला वाटता येत नाही. शलमोन गेली दोन वर्षं भोजनाच्या रविवारी चर्चच्या पायरीवर येऊन बसायचा. तोंड उघडायचा, मिटायचा, उठून जायचा. मागच्या खेपेला 'साहेब, ओढ्यापलीकडं...' एवढं बोलला. झाकलेला प्याला त्याला गप्प बसू देत नव्हता. तू त्याला वेगळा पेला दिलास. आता त्याला त्या बाईकडं जायची गरजच उरली नाही."

शिष्याचा चेहरा उतरला. "आता काय करू?"

"दिलेलं परत घेता येत नाही. चुकलं, एवढं म्हणता येतं. मला ते म्हणायला फार उशीर झाला होता."

पुढच्या पहिल्या रविवारी शिष्य मंडळीपुढे उभा राहिला. "मागच्या महिन्यात मी घाई केली," तो म्हणाला. "तो झाकलेला प्याला मला बघवेना, म्हणून मी तुम्हाला लहान पेले दिले. त्यानं तुम्ही एकत्र आला नाहीत. एकमेकांवाचून भागवायची मी सोय करून दिली. मी चुकलो." मग त्याने प्याल्यावर रुमाल झाकला.

बाहेर शलमोनने त्याला गाठले. "काय पोरखेळ लावलाय, साहेब? एकदा द्यायचं आणि मग हिसकून घ्यायचं? त्या म्हाताऱ्यानं कान भरले वाटतं!"

"नाही, काका. चूक माझीच आहे."

"चूक म्हणे!" शलमोन तणतणत गेला. त्यानंतरचे दोन महिने तो चर्चकडे फिरकला नाही. शिष्य मात्र दर भोजनाच्या रविवारी उपासना संपली की पायरीवर जाऊन बसे. तबीथाबाई समोरून जायच्या आणि त्याच्याकडे एकदा पाहायच्या. ते पाहणे त्याला जड जाई.

तिसऱ्या महिन्यात शलमोन आला. उन्हात उभा राहिला, मग पायरीवर बसला.

"मारलं मी नाही," तो म्हणाला. "भावानं मारलं. मी नुसता खड्डा खणला. ओढ्यापलीकडं जी जांभूळ..."

"थांबा, काका." शिष्य उठून उभा राहिला. "मला सांगू नका."

"का? एवढ्या दिवसांनी जीभ वळली माझी, आणि तुम्ही..."

"मला सांगितलंत की इथंच हलकं वाटेल, आणि मग पाय पुढं निघायचे नाहीत. तिला सांगा. मी बरोबर येतो. पोलीसही येतील, काका. ते माझ्याच्यानं टाळवणार नाही."

शलमोनने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. येऊ देत पोलीस." आणि तो उठला.

तबीथाबाई अंगणात वाल सोलत होत्या. त्यांनी 'या' म्हटले नाही, 'बसा' म्हटले नाही. शलमोनने काठीशिवाय न चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा कुडाचा आधार घेतला आणि जागा सांगितली. त्यांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे सुपात टाकले.

"थांबा," त्या म्हणाल्या, "चप्पल घालते."

आठ दिवसांनी अहरोनला चर्चमागच्या आवारात माती दिली. शलमोन तेव्हा कोठडीत होता. वृद्ध पाळक काठी टेकत आले आणि प्रार्थना म्हणून परत गेले. तबीथाबाईंनी शलमोनला क्षमा केली की नाही, हे त्यांना कुणी विचारले नाही, आणि त्यांनीही कुणाला सांगितले नाही. शिष्याने ते लहान पेल्यांचे तबक शहरातल्या चर्चला देऊन टाकले.

पुढच्या पहिल्या रविवारी प्याला झाकलेलाच राहिला. शिष्य बाहेर आला, तेव्हा पायरीवर वरच्या आळीतला दुसराच एक माणूस मान खाली घालून बसला होता. शिष्य त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि त्याने त्याला काहीच विचारले नाही.