येसूचा रांजण

कोणे एके काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं गाव होतं. त्या गावात एक म्हातारा कोष्टी राहत असे. त्याची बायको येसू एका हिवाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेली, आणि चाळीस वर्षांनी तो पहिल्यांदाच एकटा पडला.

येसूचं जे जिथं होतं, ते त्यानं तिथंच ठेवलं. तिची पळी खुंटीवर तशीच राहिली. तिनं शेवटचा स्वयंपाक केला त्या चुलीतली राखसुद्धा त्यानं काढली नाही. दुपारी देवळातल्या अन्नछत्रात तो दोन घास खाई आणि घरी येऊन परसात बसून राही.

परसात तिनं लावलेला घोसाळ्याचा वेल होता. तिच्या हातच्या घोसाळ्याच्या भाजीची चव त्याच्या जिभेवर अजून होती. पण वेल पिवळा पडू लागला. त्यानं पाणी वाढवलं, आळं केलं, तरी पानं गळतच राहिली. वेलही आपल्याला सोडून चालला, असं त्याला वाटलं.

शेजारची कुंभारीण येसूची मैत्रीण. एके सकाळी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, “भावजी, केळीखालचा रांजण उघडून बघितलात का?”

त्या फुटक्या रांजणात येसूनं गांडुळं पाळली होती. त्यांनी केलेलं खत ती वेलाला घालत असे.

“ते तिचं आहे, वहिनी,” म्हातारा म्हणाला. “तिनं ठेवलंय तसंच राहू दे.”

“तिनं ते तसं कधी ठेवलंच नव्हतं. रोज त्यात काहीतरी पडायचं.”

म्हाताऱ्यानं वरचं गोणपाट बाजूला केलं. आत सगळं सुकून खडखडीत झालं होतं. तळाशी मात्र एका ओलसर ढेकळात पाच-सहा गांडुळं एकमेकांना बिलगून होती. तो कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

“यांना काय घालू?”

“घरातली सालं, देठं, खराब झालेला भाजीपाला.”

“माझ्या घरात सालं होत नाहीत, वहिनी.”

कुंभारीण हलकेच म्हणाली, “मग चूल पेटवा.”

तो घरात गेला आणि चुलीपुढे बसला. येसूच्या हातची ती राख. एकदा काढली की परत मिळणार नव्हती. दुपार टळली तरी तो उठला नाही. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी राख उचलली आणि परसात नेऊन पसरली. त्या दिवशी त्यानं भोपळा चिरला. भाजी करपली, पण सालं निघाली.

सुरुवातीला चुका झाल्या. उरलेली आमटी त्यानं रांजणात ओतली, तर गांडुळं काठावर चढून बाहेर पडू लागली. “तिखट-मीठ, तेल नको,” कुंभारणीनं सांगितलं. “सालं बारीक करा, वर मूठभर शेण, आणि नुसती ओल ठेवा.” एकेक गांडूळ वेचून त्यानं परत आत सोडलं.

त्यांच्यासाठी तो रोज काहीतरी चिरू लागला, आणि चिरलेलं वाया जाऊ नये म्हणून शिजवू लागला. पावसाळा सरता सरता रांजण काळ्या, रवाळ खतानं अर्धा भरला. वेलाला नवी पालवी फुटली. मग पिवळी फुलं आली, आणि एक दिवस घोसाळं धरलं.

त्यानं भाजी केली. तिची चव येसूच्या भाजीसारखी नव्हती. मीठ थोडं जास्तच पडलं होतं. पहिल्या घासालाच त्याचे डोळे भरून आले. आता ती चव पुन्हा मिळायची नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. तरी त्यानं ताट संपवलं, कारण भूक लागली होती.

मग त्यानं घोसाळ्याची सालं गोळा केली आणि तो परसात गेला. गोणपाट उचललं तेव्हा आत असंख्य गांडुळं वळवळत होती. त्याला येसूची ओढ अजून तेवढीच होती. पण ती रोज सकाळी ज्या जागी वाकून उभी राहायची, त्या जागी आता तो उभा होता, आणि कितीतरी दिवसांनी ती त्याला जवळ वाटली.

तात्पर्य : गेलेलं माणूस त्याच्या वस्तू तशाच ठेवून जवळ राहत नाही, त्याचं रोजचं काम आपण हाती घेतलं की राहतं.