धक्क्यावरची गाठ

"मग त्यांना झोप का लागत नाही, बाबा?"

चारुदत्त रांगणेकरने हे विचारलं तेव्हा सोमगीरबाबा ओसरीच्या कडेला बसून पायाचा चिखल काडीने खरवडत होते. एक पाय झाला. मग त्यांनी दुसरा घेतला.

चारुदत्तला असं ताटकळायची सवय नव्हती. दुसऱ्यांना ऐषारामात ताटकळत ठेवणं हा त्याचा धंदा होता. मोठमोठ्या विमानतळांवर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना बसायला जी दालनं असतात, लाउंज म्हणतात त्यांना, ती तो उभारायचा. आणि त्याच्या हातचं लाउंज म्हणजे काय विचारता! पावलांचा आवाज गिळणारे गालिचे. पाण्याच्या पेल्यात पुदिन्याचं पान. एकाचं तोंड दुसऱ्याला दिसू नये अशा बेताने मांडलेल्या खुर्च्या. शांतता तर इतकी की विमान सुटत असल्याची घोषणासुद्धा तिथे व्हायची नाही.

तिथेच घोळ झाला. एक म्हातारा प्रवासी गाढ झोपला आणि त्याचं विमान निघून गेलं. पाहुण्याला उठवायचं नाही, असा नोकरांना दंडकच होता. बिचारे त्याच्या आजूबाजूने चवड्यांवर चालत राहिले.

चारुदत्तने यावर तोड काढली. वेळ झाली की आपणहून हळूच थरथरणारी खुर्ची! सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आणि त्या दिवसापासून त्या लाउंजमध्ये कुणाचा डोळा लागेना. माणसं डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून, ती कधी थरथरते याची वाट बघत बसू लागली.

"तू बसून पाहिलंस त्या खुर्चीत?" बाबांनी विचारलं.

"पाहिलं."

"मग?"

खुर्चीचं सोडाच, हल्ली चारुदत्तला घरच्या पलंगावरही झोप येत नव्हती. पण हे एका गोसाव्याला कशाला सांगायचं?

त्याला हवं होतं फक्त उत्तर. रात्रीच्या विमानाने तो परदेशी निघणार होता. उद्या तिथे कंपनीच्या मोठ्या लोकांसमोर उभं राहून, आपल्या लाउंजमध्ये काय कमी आहे ते सांगायचं होतं. सांगता आलं तर नवं काम त्याचं. नाहीतर इतक्या वर्षांचं नाव धुळीला मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तो, ज्याचं विमान चुकलं त्या म्हाताऱ्यालाच जाऊन भेटला होता. वाट बघत बसायला सगळ्यात छान कुठे वाटलं तुम्हाला, असं त्याने विचारलं. परदेशातल्या एखाद्या विमानतळाचं नाव येईल अशी त्याची अपेक्षा होती. म्हातारा जरा वेळ हसला आणि म्हणाला, "आगरवेळच्या धक्क्यावर. सोमगीर गोसाव्याच्या ओसरीवर."

चारुदत्त सकाळच्या लाँचने खाडी ओलांडून इथे आला तो हा असा. उतरल्या उतरल्या त्याने टेप काढून ओसरी मोजायला घेतली. लांबी, रुंदी, कट्ट्याची उंची. वारा कुठून येतो तेही पाहिलं. टेपचं दुसरं टोक सोमगीरबाबांनी मोठ्या हौसेने धरलं होतं.

"काय सापडलं?" बाबांनी आता काडी टाकून दिली.

"काही नाही. सारवलेली जमीन, एक माठ, सुक्या मासळीचा वास. आणि ते वरचं कौल फुटलंय. त्यातून ऊन थेट डोळ्यांवर येतं."

"फुटलंय खरं," बाबा वर बघत म्हणाले. जणू त्यांना ते आजच कळत होतं.

"बाबा, मला परत जायचंय. एका वाक्यात सांगा. वाट बघायची उत्तम जागा कशी असावी?"

बाबा खाडीकडे बघत राहिले. ओहोटीने पाणी पार आत गेलं होतं. भरती लागल्याशिवाय लाँच येणार नव्हती, आणि आजची तेवढी एकच लाँच त्याला विमानापर्यंत पोचवू शकत होती.

"तू नीज जरा," बाबा म्हणाले.

"लाँच चुकली तर?"

"त्याची रीत आहे इथली. ज्याला झोप आली त्याने आपल्या कपड्याचं टोक जाग्या माणसाच्या कपड्याला बांधायचं. लाँच आली की जागा माणूस उठतो. गाठ ओढली जाते. निजलेला जागा होतो."

"ओळख नसली तरी?"

"धक्क्यावर कुठला रे ओळखीचा मिळायला?"

चारुदत्त हसला. रीत भोळी होती, आणि त्याच्यासारख्या माणसाला तिच्यातलं भोक लगेच दिसलं.

"आणि जागा माणूसच झोपला तर?"

बाबांनी यावर खरोखरच विचार केला.

"मग दोघं राहतात."

"बघा! नको, बाबा. मला नाही परवडायचं."

"बरं. मग मी निजतो. मलाही पलीकडे जायचंय, शिधा संपलाय." असं म्हणत त्यांनी आपल्या भगव्या छाटीचं टोक चारुदत्तच्या भारी सदऱ्याला बांधलं सुद्धा. दंड उशाला घेतला, आणि दोन श्वासांत ते घोरायला लागले.

चारुदत्त चाटच पडला. या माणसाने अजून त्याचं नावही विचारलं नव्हतं.

आता त्याला उठता येईना. फोन पलीकडे पिशवीत राहिला होता. तो बसून राहिला...

दुपार कलली. समोर नुसती पांढुरकी धूसर हवा. त्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. चिखलात एक बगळा एका पायावर उभा होता. मधूनच तो दिसेनासा व्हायचा, मग तिथेच पुन्हा असायचा. लांब कुणीतरी लाकडावर काहीतरी ठोकत होतं. ते ठोकणंही हळूहळू मऊ होत गेलं.

बाबांच्या श्वासाबरोबर गाठ वर यायची, खाली जायची.

फुटक्या कौलातलं ऊन सरकत सरकत बाबांच्या कपाळावर आलं. मग भुवईवर. आता ते डोळ्यांवर येणार. चारुदत्तने हात पुढे केला आणि उन्हात आडवा धरला. बाबांच्या पापण्यांवर सावली पडली.

हात भरून आला. त्याने तो बदलला, पुन्हा धरला. ऊन सरकेल तसा हातही सरकवत राहिला. भरतीचं पाणी चिखलात शिरू लागलं, बगळा दोन पावलं मागे गेला. चारुदत्तला आतून एकदम माया दाटून आली. कुणाची, कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. बाबांची लाँच चुकता कामा नये, एवढंच त्याला वाटत होतं. रात्रीचं विमान आपलं आहे हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले.

"आली?"

"नाही अजून."

"वाजले किती?"

चारुदत्तने घड्याळाकडे पाहिलं आणि तो चमकला. ऊन अडवताना तेच मनगट केव्हापासून त्याच्या डोळ्यांसमोर होतं. घड्याळ काही त्याला दिसलं नव्हतं.

"हात असा काय धरलास?" बाबांनी विचारलं.

"कौल... कौल फुटलंय ना."

बाबा उठून बसले. हसले. मग कट्ट्यावर थोडे बाजूला सरकले.



चारुदत्तने शेजारी ठेवलेली नकाशांची गुंडाळी उचलली. उद्या दाखवायचे नकाशे होते ते. क्षणभर ती हातात तोलून त्याने उशाला घेतली आणि तो सारवलेल्या कट्ट्यावर आडवा झाला. छाटीची गाठ तशीच होती. त्याने ती एकदा ओढून पाहिली.

"बाबा, पण तुम्ही निजलात तर..."

बाबांनी मान हलवली. काय सांगितलं ते कळलं नाही.

सुक्या मासळीचा वास येत होता. खालून गार सारवण लागत होतं. डोळ्यांवर ऊन आलं, आणि लगेच गेलं. कुणाचा तरी हात मध्ये आला असणार. बगळा उडाला की त्याचं स्वप्न पडलं, ते चारुदत्तला नक्की कळलं नाही. किती महिन्यांनी त्याचं अंग असं जड होत होतं...

आणि तेवढ्यात दूर धूसर हवेतून लाँचचा भोंगा आला. अगदी पुसट.

चारुदत्त दचकला. कोपरावर उठू लागला. "बाबा, लाँच..."

छातीवर एक हलका तळवा टेकला.

"येऊ दे," बाबा म्हणाले. "मी आहे."